उंच बॉनेटच्या जीपची पुढची चाके नाचतात : घरच्या घरी काय करता येईल?

कातळवाट (संगमेश्वर)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९७० च्या दशकातली महिंद्राची सीजे-३बी आहे, म्हणजे जुने चालक जिला ‘उंच बॉनेटवाली’ म्हणतात ती. वडिलांनी ती लिलावात घेतली होती आणि गेली नऊ वर्षे ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती. मूळचे २.२ लिटरचे हरिकेन पेट्रोल इंजिन तसेच आहे. कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग व पॉइंट बदलले, टाकीतला गंज काढला आणि दोन महिन्यांच्या खटपटीनंतर इंजिन सुरळीत चालू झाले.

अडचण पुढच्या चाकांची आहे. वेग ताशी ४० ते ४५ च्या आसपास गेला आणि एखादा लहानसा खड्डा लागला, की पुढची दोन्ही चाके नाचू लागतात आणि स्टिअरिंग हातातून सुटू पाहते. गाडी जवळजवळ थांबवल्याखेरीज ती थरथर जात नाही. तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये टाय रॉडची (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) टोके बदलून घेतली, चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले, पण फरक पडला नाही. मूळ सुटे भाग इथे मिळत नाहीत आणि गाडी ट्रकवर लादून शहरात नेण्याची माझी तयारी नाही. माझ्याकडे जॅक, पान्यांचा पूर्ण संच, एक वेल्डिंग मशीन आणि भरपूर वेळ आहे. कुठून सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनेवळण (पुणे)

आपण टाय रॉडपासून सुरुवात केली, तशी जवळजवळ प्रत्येक जण करतो, कारण तो भाग डोळ्यांना दिसतो आणि बदलायला सोपा असतो. या गाडीत स्टिअरिंगची हालचाल थेट चाकांकडे जात नाही. ती आधी पुढच्या आडव्या मेंबरखाली एका खुंटीवर फिरणाऱ्या बेल क्रँक नावाच्या कोनी दांड्याकडे जाते आणि तिथून चाकांकडे वळते. त्या खुंटीला चिखल, पाणी आणि दगड यांचा मार सर्वांत जास्त बसतो आणि ग्रीस मात्र सर्वांत कमी मिळते.

काहीही विकत घेण्यापूर्वी दोन तपासण्या करा. पहिली अशी की गाडी चाकांवर उभी असताना एखाद्याला स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायला सांगा. आपण खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट असे ठेवा, की ते दोन्ही भागांना एकाच वेळी टेकेल. जिथे एक भाग हलतो आणि दुसरा क्षणभर मागे राहतो, तिथली ढिलाई डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळते. दुसरी तपासणी किंग पिनची, म्हणजे ज्या खुंटीभोवती चाक डावी-उजवीकडे वळते तिची. चाक उचला, टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. मग कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली, तर ती चाकाच्या बेअरिंगची होती. राहिली, तर ती किंग पिनची आहे.

आपण कोकणातले आहात म्हणून मुद्दाम सांगतो, की गाडीखाली आधाराला चिरा लावू नका. जांभा दगड वरून दणकट दिसतो, पण टोकावर भार आला की सूचना न देता फुटतो. लाकडाचे रुंद ओंडके आडवे-उभे रचून त्यांवर चॅसिस टेकवा.

वऱ्हाडी पाना (अमरावती)

आमच्या भागात काळी-पिवळी जीपगाड्यांना हा आजार नेहमीचा होता आणि त्यावरचा उपायही ठरलेला होता : पुढे एक स्टिअरिंग डँपर (हेलकावे दाबणारा शॉक ॲब्सॉर्बर) आडवा बसवायचा आणि गाडी पुन्हा फेऱ्यांना लावायची. महिंद्रा कमांडरचा किंवा कुठलाही भंगारातला डँपर दोन पट्ट्या वेल्ड करून बसतो. अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि थरथर नक्की थांबते.

जुनेवळण (पुणे)

आपला अनुभव खरा आहे आणि थरथर थांबते, हेही खरे. परंतु डँपर ढिलाई काढत नाही, तो ती फक्त झाकतो. सांधा आतल्या आत झिजत राहतो आणि तो सुटेपर्यंत चालकाला काही कळत नाही. फेऱ्या मारून पोट भरणाऱ्याची निकड वेगळी होती. इथे धागाकर्त्यांकडे वेळ आहे, असे त्यांनीच लिहिले आहे, तेव्हा डँपर सर्वांत शेवटी लावावा आणि गरज पडली तरच लावावा.

मिशिगनकर

मी राहतो तिथून टोलेडो हे अमेरिकेतले गाव तासाभराच्या अंतरावर आहे आणि विलीस या मूळ अमेरिकी कंपनीच्या जीप तिथेच तयार होत असत. सीजे-३बीचे तिथले उत्पादन १९६८ मध्ये थांबले, पण महिंद्राने ती त्यानंतरही बनवणे चालू ठेवले. त्यामुळे जुन्या विलीस पुस्तिकेतली पुढच्या ॲक्सलची मापे आपल्या गाडीलाही लागू पडतील.

चाकांची मापे अशी आहेत : कॅस्टर (किंग पिनचा मागे कल) ३ अंश, कँबर (चाकाचा बाहेर कल) दीड अंश आणि टो-इन (पुढच्या बाजूला चाके किती जवळ) सुमारे १.२ ते २.४ मिलिमीटर. किंग पिनच्या बेअरिंगवर ठरावीक ताण असावा लागतो आणि माझ्या मते आपल्या दुखण्याचे मूळ तिथेच असण्याची शक्यता जास्त आहे. नकलवरचे (चाक ज्यावर बसते त्या वळणाऱ्या भागावरचे) ऑइल सील काढून आणि टाय रॉड सोडवून स्टिअरिंग आर्मच्या भोकाला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि ओढायचे. नकल १२ ते १६ पाउंडांच्या, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलोंच्या ओढीला वळली पाहिजे. ती बोटाने वळत असेल, तर चाकाच्या प्रत्येक हेलकाव्याला अडवणारे काहीच उरत नाही आणि एका खड्ड्याने सुरू झालेला हेलकावा वाढत जातो.

बेअरिंग शोधताना दुकानात जीपचे नावच काढू नका. ही साधी टेपर रोलर बेअरिंगे आहेत. आतल्या कोनवर ११५९० आणि बाहेरच्या कपवर ११५२० हा क्रमांक कोरलेला असतो. एका बाजूला दोन, असे चार जोड लागतील. क्रमांक सांगितला, तर शेतीच्या यंत्रांची बेअरिंगे विकणारा दुकानदारही ती मागवून देऊ शकेल.

कातळवाट (संगमेश्वर)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार पूर्ण या कामात गेला. जे आढळले ते सविस्तर लिहितो.

बोट ठेवून पाहण्याची पद्धत फारच उपयोगी पडली. टाय रॉडची नवी टोके घट्ट होती, पण बेल क्रँकच्या खुंटीवर बोट ठेवले, तेव्हा स्टिअरिंगचा जवळजवळ आठवा भाग फिरेपर्यंत पुढे काहीच हलत नव्हते. खुंटी काढली, तेव्हा मूळची सुयांसारख्या रोलरांची बेअरिंगे तिथे नव्हतीच. पूर्वी कोणीतरी पाण्याच्या नळाचा तुकडा कापून बुश म्हणून ठोकला होता आणि तो एका बाजूने कागदाइतका पातळ झाला होता. खुंटीही लंबगोल झाली आहे. व्हर्नियरने दोन दिशांनी मापल्यावर ०.४ मिलिमीटरचा फरक भरला.

काट्यासाठी घरात शोधाशोध केली, तेव्हा मासे तोलण्याचा लटकता काटा सापडला. डाव्या नकलची ओढ दीड किलो भरली. उजवी नकल मधोमध येऊन एका खाचेत बसल्यासारखी अडकत होती आणि तिथून सुटली की अगदी सैल होत होती. टोपणे उघडल्यावर कारण दिसले : गाडी वर्षानुवर्षे सरळ उभी राहिल्याने आणि आत पाणी शिरल्याने कपच्या आतल्या बाजूला रोलरांच्या आकाराचे खड्डे पडले आहेत. खालच्या टोपणाखाली एकही शिम (अंतर भरणारी पातळ चकती) नव्हती. मागे कोणीतरी ढिलाई काढण्यासाठी खालच्या सगळ्या शिमा काढून टाकल्या असाव्यात.

तिसरी गोष्ट अनपेक्षित होती. अंगणात गाडी सपाटीवर लावून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपासून आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) मागच्या डोळ्यांपासून ओळंबा सोडला, चुन्याने खुणा केल्या, गाडी ढकलून बाजूला घेतली आणि कर्ण मापले. डावे चाक उजव्यापेक्षा ११ मिलिमीटर मागे आहे. यू बोल्ट सैल केल्यावर डाव्या पाट्यांचा मधला बोल्ट दोन तुकड्यांत हातात आला.

लेथमास्तर (कोल्हापूर)

आपण पाइपचा तुकडा बुश म्हणून वापरलेला पाहिला, हे बरे झाले, कारण ‘हाताशी असेल ते’ वापरण्यात चूक कुठे होते, ते त्या तुकड्यात दिसते. माझे सगळे आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेले आहे. न मिळणारा भाग नव्याने बनवण्यात काही गैर नाही, फक्त तो कोणत्या धातूचा आहे आणि कोणत्या मापाचा आहे, हे बनवणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

खुंटी ईएन-८ पोलादाच्या गोल सळीतून बनवून घ्या. बुश गनमेटलचा घ्या, म्हणजे ८८ भाग तांबे, १० भाग कथील आणि २ भाग जस्त या मिश्रणाचा. भंगारातल्या पितळी नळाचा तुकडा घेऊन टर्नरकडे जाऊ नका. पितळ दिसायला तसेच असते, पण अशा धक्क्याच्या जागी लवकर चेपते. बुश क्रँकमध्ये दाबून बसल्यावर त्याचे आतले भोक किंचित आकसते, म्हणून आतले अंतिम माप बुश बसवल्यानंतरच रीमरने (भोक बारीक कापून मोठे करणाऱ्या हत्याराने) घ्यावे. खुंटी आणि बुश यांच्यामध्ये ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर सवड पुरते. बुशच्या आत नागमोडी खाच पाडून घ्या आणि तिच्या तोंडावर ग्रीस निप्पलचे भोक येईल असे पाहा, नाहीतर बाहेरून मारलेले ग्रीस आत पोहोचणारच नाही.

मधल्या बोल्टसाठी ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या आणि त्याचे षट्कोनी डोके लेथवर गोल उतरवून घ्या, कारण ते डोके ॲक्सलखालच्या बैठकीच्या भोकात अचूक बसावे लागते. ॲक्सल जागेवर धरण्याचे काम ते डोके करते. पाटे आवळून धरण्याचे काम यू बोल्टचे असते. जुने यू बोल्ट ताणले गेलेले असतील, तर तेही नवीन करून घ्यावेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉली बनवणाऱ्याकडे ते मापानुसार वाकवून मिळतात.

आपल्याकडे वेल्डिंग मशीन आहे, असे आपण लिहिले आहे. स्टिअरिंगच्या कोणत्याही दांड्यावर, आर्मवर किंवा खुंटीवर ते चालवू नका. झिजलेल्या खुंटीवर वेल्ड चढवून ती पुन्हा लेथवर उतरवणारे कारागीर मी पाहिले आहेत. ती खुंटी काही महिने चालते आणि मग वेल्डच्या कडेला, जिथे पोलाद कडक होऊन ठिसूळ झालेले असते, तिथे तुटते.

मांडवीकाठ (पणजी)

वेल्डिंग मशीनचा एक निर्धोक उपयोग सांगतो. नकलमधले जुने कप छिन्नीने निघत नसतील, तर कपच्या आतल्या पृष्ठभागावर वेल्डचा एक पातळ गोल फिरवा आणि थंड होऊ द्या. थंड होताना वेल्ड आकसते, कपही आकसतो आणि बहुतेक वेळा हाताने उचलता येतो. नवा कप आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा आणि जुन्या कपची बाहेरची बाजू थोडी घासून त्यालाच ठोकण्याचा ठोकळा म्हणून वापरा, म्हणजे नवा कप तिरका जाणार नाही.

एक प्रश्नही आहे. एवढी खटपट करण्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा संच का बसवू नये? आमच्याकडे तसे बरेच जण करतात.

जुनेवळण (पुणे)

तो दोन कारणांसाठी बसवू नये, असे माझे मत आहे. किंग पिनची बेअरिंगे खराब असताना पॉवर स्टिअरिंग बसवले, तर ढिलाई तशीच राहते, फक्त ती चालकाच्या हाताला जाणवत नाही. दुसरे कारण कायद्याचे आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आहेत आणि पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या वेळी अधिकारी गाडी समोर उभी करून पाहतात. झिजलेला भाग त्याच मापाचा करून बसवणे ही दुरुस्ती होते, रचनेतला बदल होत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते आणि तिथे गाडी मूळ स्वरूपात असणे हाच मुद्दा असतो. अर्थात तशी नोंदणी केल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कातळवाट (संगमेश्वर)

पॉवर स्टिअरिंगचा विचार नाही. पुढची प्रगती कळवतो.

बेअरिंगे क्रमांकावरून पाच दिवसांत मिळाली. फ्रीजरमध्ये कप सुरमईच्या शेजारी ठेवल्याबद्दल घरात जे ऐकावे लागले, ते इथे लिहीत नाही, पण कप चार ठोक्यांत बसले. वेल्डचा गोल फिरवण्याची युक्ती तर पाहण्यासारखी होती. जो कप आदल्या दिवशी दोन तास हलला नव्हता, तो नुसता बोटांनी वर आला.

अडचण शिमांची आली. नव्या बेअरिंगांवर शिमांशिवाय टोपण आवळले, की नकल जाम होते. म्हणून थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा कातरून त्याच्या शिमा केल्या. तो पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड भरला. वर तीन आणि खाली तीन शिमा घातल्यावर काट्याने सहा किलो दाखवले, म्हणजे अगदी हवी तितकी ओढ.

लेथमास्तर (कोल्हापूर)

मापासाठी डब्याचा पत्रा ठीक आहे, पण तो कायमचा ठेवू नका. मऊ ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरते. त्यावर रंगाचा आणि आतून लाखेचा थर असतो, तोही निघून जातो आणि टोपणाचे बोल्ट सैल पडतात. आता एकूण जाडी किती हवी, हे आपल्याला कळले आहे, तर तेवढ्या जाडीचा पितळी शिमपत्रा आणा आणि त्यातून कापा. भोके खिळ्याने पाडू नका, कारण कडेला उठलेली धार शिमेला सपाट बसू देत नाही. शिम दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट धरून ड्रिलने भोके पाडा.

मिशिगनकर

लेथमास्तरांशी सहमत आहे. वर आणि खाली समान शिमा घातल्या, हे आपण योग्य केले. नकलच्या आतून ॲक्सलचा दांडा आणि त्याचा सांधा जातो. शिमा एकाच बाजूला घातल्या, तर तो मध्यापासून सरकतो. आपल्याकडे खालच्या सगळ्या शिमा काढणाऱ्याने हीच चूक केली होती.

मांडवीकाठ (पणजी)

नकलच्या गोल कप्प्यावरच्या सीलचे काय केले? तिथला नमदा नऊ वर्षांत भुसभुशीत झालेला असणार.

कातळवाट (संगमेश्वर)

झालाच होता, हात लावताच त्याची भुकटी झाली. त्याच्या जागी आजोबांच्या जुन्या घोंगडीची पट्टी वापरली. घोंगडी आधी गरम पाण्यात कुटून घट्ट करून घेतली. मग दुहेरी पट्टी कापून रात्रभर गिअर ऑइलमध्ये भिजवली आणि पत्र्याच्या अर्धगोल पट्ट्यांमागे बसवली. लोकर असल्यामुळे ती तेल धरून ठेवते आणि कप्प्याचा पृष्ठभाग पुसत राहते. कप्प्यावरचे गंजाचे खड्डे मात्र बारीक पॉलिश पेपरने जितके गेले तितकेच गेले. राहिलेल्या खड्ड्यांमुळे थोडी गळती होईल, असे मी धरूनच चाललो आहे.

जुनेवळण (पुणे)

घोंगडीची कल्पना आवडली. आता रस्त्यावर चाचणी घेण्यापूर्वी ब्रेककडे पाहा. या गाडीत ब्रेकची एकच वाहिनी असते, म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. रबरी कप रॉकेलने किंवा डिझेलने धुऊ नका, ते फुगतात. ब्रेक फ्लुइडनेच धुवा. नळी बदलावी लागली, तर फ्रीजच्या तांब्याच्या नळीचा मोह टाळा, कारण तांबे कंपनांनी कडक होऊन चिरते. ब्रेकसाठीचीच पोलादी नळी घ्यावी. हँडब्रेकही चाकांवर काम करत नाही. तो ट्रान्सफर केसच्या मागे, चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शियलमुळे गाडी हँडब्रेक ओढलेला असतानाही पुढे-मागे सरकू शकते, म्हणून जमिनीवरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात.

वऱ्हाडी पाना (अमरावती)

टो-इन कसे मापणार? तिकडे मशीन असेल असे वाटत नाही. आमची पद्धत सांगतो. चाक उचलून फिरवा आणि टायरच्या मधोमध खडू घासा, म्हणजे पांढरा पट्टा तयार होईल. मग एका जड ठोकळ्यात खिळा बसवून तो टायरला टेकवा आणि चाक पुन्हा फिरवा. पट्ट्यावर अगदी बारीक, सरळ रेघ उमटते. दोन्ही चाकांवर अशा रेघा काढून गाडी खाली उतरवा, दोन पावले पुढे ढकला आणि रेघांमधले अंतर ॲक्सलच्या उंचीवर पुढून व मागून मापा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर कमी आले पाहिजे. आणि डँपरचा हट्ट मी सोडला आहे, असे समजावे.

कातळवाट (संगमेश्वर)

आज पहाटे रस्ता मोकळा असताना चाचणी घेतली.

बेल क्रँकची खुंटी आणि बुश लेथमास्तरांनी सांगितल्याप्रमाणे बनवून घेतले. बुश बसवल्यावर भोक खरोखरच आकसले होते आणि रीमर फिरवल्यावरच खुंटी आत गेली. पितळी शिमा घातल्यावर डावी नकल सहा किलोला आणि उजवी साडेसहा किलोला वळते. ब्रेकचे चारही सिलिंडर उघडून नवे रबरी कप घातले. मधला बोल्ट आणि यू बोल्ट नवीन आहेत आणि दोन्ही कर्णांत आता फक्त २ मिलिमीटरचा फरक उरला आहे. टो-इन खिळा आणि खडूच्या पद्धतीने २ मिलिमीटर ठेवले. कॅस्टर मोबाइलच्या कोनमापकाने अडीच अंश भरला, म्हणून पाचर घालण्याच्या भानगडीत पडलो नाही.

ताशी ४० वर, ४५ वर आणि शेवटी ५५ वर पुलाजवळच्या एका खड्ड्यातून गाडी नेली. धक्का बसला, स्टिअरिंग एकदा हलले आणि जागेवर आले. स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जड झाले आहे, तरी वळणानंतर ते आपोआप सरळ होते. परत आल्यावर खाली पाहिले, तेव्हा उजव्या नकलवर तेलाचा ओघळ होता आणि डावी कोरडी होती. घोंगडीची आणखी एक पट्टी कापून ठेवली आहे.

एक चूक मात्र नोंदवून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची तशी होणार नाही. या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात. घाईत ते माझ्या ध्यानात आले नाही. सुटत नाहीत म्हणून पान्याला चार फुटी पाइप लावून जोर दिला आणि दोन स्टड मोडले. मग उरलेल्या स्टडची टोके कापडाने पुसली, तेव्हा त्यांवर कोरलेले इंग्रजी एल अक्षर दिसले. सध्या ते चाक तीन नटांवर आहे. उलट आट्यांचे दोन स्टड मिळेपर्यंत गाडी पडवीतच राहील.

लेथमास्तर (कोल्हापूर)

मोडलेल्या स्टडचा एक तुकडा आणि त्यावरचा नट पाठवा. उलट आटे लेथवर पाडता येतात, पण नट हातात असल्याखेरीज आट्यांचे माप खात्रीने सांगता येणार नाही. आणि आज पहाटे आपण ५५ पर्यंत गेलात, तेव्हा ते चाक तीनच नटांवर होते का?

कातळवाट (संगमेश्वर)

नाही, स्टड परत आल्यावर मोडले. डाव्या बाजूचे सील खरेच कोरडे आहे ना, हे पाहण्यासाठी ते चाक काढायला गेलो होतो. तुकडा आणि नट उद्याच्या एसटीने पाठवतो.